सातव्या भागातला श्वास

सातव्या भागात प्रेत श्वास घेतं हे लक्षात आलं, तेव्हा तिला आनंदच झाला होता.

त्याआधी कित्येक दिवस काही घडलंच नव्हतं. टीव्हीच्या जुन्या फिती नीट करून संगणकावर उतरवणं हे तिचं काम. रसायनशास्त्राची पदवी घेऊन ती या कामात कशी आली, हे आईला फोनवर दर वेळी नव्याने समजवावं लागे. फितीवरची चुंबकीय भुकटी ज्या चिकटद्रव्याने धरलेली असते, ते वर्षानुवर्षं हवेतला ओलावा पीत राहतं. मग फीत चिकट होते, यंत्रात घातली की किंचाळते आणि चित्राऐवजी तपकिरी गाळ सोडते. अशी फीत आधी मंद आचेच्या भट्टीत वाळवावी लागते. आईने हे सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हणजे भाजतेस. मग घरात काय वाईट होतं?"

तिची खोली तळघरात होती. फ्रिजएवढी पण उलट्या स्वभावाची भट्टी, फिती चालवायचं जुनं अवजड यंत्र, संगणकाचा पडदा, आणि छताजवळ रस्त्याच्या पातळीवर एक आडवी काच. त्या काचेतून येणाऱ्याजाणाऱ्यांचे पाय दिसत. काही पाय ओळखीचे झाले होते. टाचा घासत चालणारी एक बाई, कायम घाईत असलेले तपकिरी बूट, दुपारच्या सुमाराला एक काठी आणि तिच्या मागून येणाऱ्या चपला. चेहरे ठाऊक नसल्यामुळे रस्त्यात समोर आले असते तरी तिने त्यांना ओळखलं नसतं. कधीकधी संध्याकाळी दुकानात पाव मागताना तिचा आवाज घोगरा येई, आणि तिच्या लक्षात येई की हा आज तोंडातून निघालेला पहिला शब्द.

खोलीत अधूनमधून येणारा माणूस एकच, यंत्रं दुरुस्त करणारे पानाकाका. त्यांच्या कानामागे पेन्सिलीऐवजी छोटा पाना खोचलेला असे, त्यावरून हे नाव पडलेलं. दार उघडताना ते ठरलेला प्रश्न विचारत, "डॉक्टरीणबाई, आज कोणाला भाजताय?" आणि यंत्र ठीक आहे असं कळलं की थोडे हिरमुसून परत जात.

त्या महिन्यात एक जुनी गुप्तहेर मालिका भट्टीत होती. आईने शाळेत असताना ती पाहिली होती. कृष्णधवल, अर्ध्या अर्ध्या तासाचे भाग. त्यातल्या गुप्तहेराला मेलेल्या माणसाच्या खुर्चीत बसून विचार करायची खोड होती. घरातले लोक कुरकुरत, तो मात्र बसून राही, हळूहळू मेलेल्याच्या डोळ्यांनी खोली पाहू लागे आणि खुनी कोण ते त्याला उमगे. सातव्या भागात एका दुकानदारणीचा खून होतो. ती कोचावर आडवी पडलेली असते, अंगात मोठ्या धातूच्या बटणांचा गडद कोट. गुप्तहेर शेजारी तिच्या खुर्चीत बसून लांबलचक बोलतो. आणि त्या बोलण्याच्या मध्यावर दुकानदारणीची छाती एकदा वर येते आणि खाली जाते. कोणी सांगितलं नाही तर दिसणार नाही, पण एकदा दिसलं की मग गुप्तहेराकडे लक्षच जात नाही.

वरून आलेली सूचना अशी होती, दोष काढा, मूळ बदलू नका. म्हणजे नेमकं काय, असं तिने साहेबांना पूर्वीच विचारलं होतं. साहेब म्हणाले होते, "प्रेक्षक चुकीच्या जागी हसतील तो दोष."

त्या हिशोबाने प्रेताचा श्वास हा दोषच. त्याच्या जरा आधी आणखी एक दोष होता. कोचावरचा प्रकाश क्षणभर मंद होऊन पुन्हा पूर्ववत होत होता. त्या काळी विजेचा दाब खालीवर होत असणार, असं तिने मनाशी म्हटलं. सकाळी तिने प्रकाश सारखा केला. जेवणानंतर आधीच्या एका फ्रेममधली निश्चल छाती पुढच्या फ्रेमांवर चढवली, कडा जुळवल्या, कोटाच्या सुरकुत्या नीट बसवल्या. काम इतकं सफाईने झालं की तिने ते पानाकाकांना बोलावून दाखवलं.

"काय दिसतंय?"

"काहीच नाही."

"तेच तर," ती म्हणाली.

मालिका पुन्हा दाखवायला सुरुवात झाली. सातवा भाग लागून गेल्यावर दोन दिवसांनी वरच्या मजल्यावरच्या स्वागतिकेचा फोन आला. हसू दाबल्यामुळे तिला नीट बोलता येत नव्हतं. "तुझ्याकडे एका आजोबांना पाठवतेय. म्हणतात, तुम्ही लोकांनी त्यांच्या बायकोला मारलं."

म्हातारा जिना उतरून आला, तो कठडा घट्ट धरून. उंच, वाकलेला, स्वच्छ दाढी केलेला. बुटांच्या नाड्या दोन वेगळ्या रंगांच्या होत्या, एक काळी, एक तपकिरी. आत आल्या आल्या त्याने खोलीतल्या माणसाकडे न पाहता आधी छतावरच्या ट्यूबलाइटकडे पाहिलं आणि तोंड वाकडं केलं.

"या उजेडात काम करतेस? डोळे जातील पोरी."

"बसा ना आजोबा. काय झालं?"

तो बसला नाही. "सातवा भाग तू केलास?"

"हो."

"कोचावरचं प्रेत माझी बायको होती."

तिने खुर्ची पुढे सरकवली. तो मात्र भांडायला आला होता, आणि भांडणासाठी तयार करून आणलेली वाक्यं त्याला बोलून टाकायची होती. तो म्हणाला, पूर्वी मालिकेत ती नुसती मेलेली दाखवली होती, आता तुम्ही तिला खरीच मारलीत. तो म्हणाला, मला तुमची ती मान्यता, धोरण वगैरे काही सांगू नका. आणि मग वाक्यं संपली. तो खुर्चीत बसला आणि त्याने गुडघ्यांवर हात ठेवले.

"पाणी देऊ का?"

"दे."

पाणी पिऊन झाल्यावर तो साध्या आवाजात बोलू लागला. मालिकेत तो दिवे सांभाळायचा. बायको कपडेपटात, शिवणयंत्रावर. सातव्या भागाच्या दिवशी प्रेताचं काम करणारी बाई आली, ती सर्दी घेऊन.

"दोन वेळा दृश्य सुरू केलं, दोन्ही वेळा प्रेत शिंकलं. तिसऱ्यांदा दिग्दर्शक म्हणाला, हिला घरी पाठवा. कोट तर माझ्या बायकोच्याच मापावर बेतलेला. कपडेपटात कोट शिवायचा म्हणजे ही स्वतःच्या अंगावर घालून बघायची. मग काय, हिलाच झोपवलं. अभिनय म्हणून आयुष्यात केलं ते एवढंच. मेली."

"आणि श्वास घेतला."

"घेतला. मग ते तसंच गेलं टीव्हीवर. त्या काळी फीत कापणं परवडत नव्हतं, एकदा झालं ते झालं. पुढे जेव्हा जेव्हा तो भाग लागायचा, आम्ही सगळे जमायचो. हिची थोरली बहीण, आमची अक्का, खालच्याच मजल्यावर राहते. ती लहानपणापासून हिला 'अगं मेले' म्हणूनच हाक मारायची. त्या जागेवर आलं की अक्का पडद्याकडे बघून ओरडायची, 'अगं मेले, हळू, लोक बघतायत.' घर डोक्यावर घ्यायचो आम्ही. ही स्वयंपाकघरातून म्हणायची, 'मेल्यावर तरी सुखाने श्वास घेऊ द्या.'"

त्याने ग्लास टेबलाच्या कडेपासून जरा आत सरकवला.

"फोटो आहेत तिचे, पुष्कळ. सगळ्यांत ती थांबलेली. हलणारी अशी एवढीच होती. ती गेली त्यानंतर परवा पहिल्यांदा लागला तो भाग. अक्काला वर बोलावलं. तिला ऐकू कमी येतं, पण दिसतं. ती तोंड उघडून तयार बसली होती. ती जागा आली, गेली. अक्का माझ्याकडे वळून म्हणाली, 'या खेपेला घेतलाच नाही रे हिने.'"

काचेपलीकडून तपकिरी बूट घाईघाईने गेले.

"परत घाल," तो म्हणाला. "काढता येतं तर घालताही येत असेल."

ते तितकं सोपं नव्हतं. फीत उतरवून घेतलेली मूळ फाइल साहेबांची मान्यता मिळेपर्यंतच ठेवायची, मग जागा मोकळी करायची, ही इथली पद्धत. सातव्या भागाची फाइल तिने स्वतःच पुसली होती. उरली होती फक्त फीत, आणि ती गेल्या वेळीच कशीबशी पार पडली होती. पुन्हा भाजली तर चालेल किंवा न चालेल. चालली तरी किती टिकेल हे सांगता येत नव्हतं. हे सगळं तिने होतं तसं सांगितलं, न वाढवता, न लपवता.

"म्हणजे नाही असं नाही," तो म्हणाला.

"हो असंही नाही."

"आमच्या वेळी अशा माणसाला कोणी कामावर ठेवलं नसतं," तो उठत म्हणाला, पण आता त्याच्या बोलण्यात राग उरला नव्हता. "उद्या येतो."

साहेबांना तिने विचारलं. दाखवून झालेला भाग बदलायला ते तयार नव्हते. "प्रेताने श्वास घ्यावा अशी प्रेक्षकांची मागणी आहे का?" फितीबद्दल मात्र त्यांची हरकत नव्हती. ती तशीही टाकूनच द्यायची होती.

दुसऱ्या दिवशी फीत भट्टीत होती आणि म्हातारा भट्टीसमोर. घाई करून चालणार नव्हतं. आच वाढवली तर फीत वेडीवाकडी होते. हे कळल्यावरही तो रोज येऊन बसायचा. सोबत एक मोठा दिवा आणला होता त्याने, मान वळवता येणारा. तो त्याने तिच्या टेबलाच्या डाव्या बाजूला बसवला, कलता, भिंतीकडे तोंड करून. प्रकाश भिंतीवरून परतून टेबलावर येऊ लागला. खोली तीच होती, पण आपण तळघरात आहोत हे तिला पहिल्यांदाच तासभर आठवलं नाही.

"घरी काय करता दिवसभर?" तिने एकदा विचारलं.

"बल्ब बदलतो," तो म्हणाला. "लोकांचे. बोलावतात. नाही बोलावलं तर माझेच काढून पुन्हा लावतो."

तिसऱ्या दिवशी तिने तो प्रश्न विचारला. खरं तर तिच्या डोक्यात तो सुरुवातीपासूनच होता. गुप्तहेराचं बोलणं लांब होतं हे खरं, पण श्वास अगदी घुसमटून घेतल्यासारखा नव्हता. सावकाश होता, भरपूर होता. कोणी परवानगी दिल्यासारखा.

"त्यांनी तिथेच का घेतला श्वास? राहवलं नाही म्हणून?"

"ती तशी नव्हती. सुई दातात धरून तासभर गप्प राहणारी बाई. चूक माझी."

आणि मग त्याने सांगितलं. कॅमेरे दोन होते, एक नुसत्या गुप्तहेरावर, एक कोचासकट दोघांवर. ज्या कॅमेऱ्याचं चित्र चालू असेल त्याच्यावरचा लाल दिवा पेटलेला असे. डोळे मिटून पडलेल्या बाईला हा दिवा कसा दिसणार? म्हणून दोघांनी आपसात ठरवलं. कोचावर एक छोटा दिवा फक्त तिच्यासाठी लावलेला होता आणि त्याचा प्रकाश कमीजास्त करायचा डिमर त्याच्या हाताखाली. कोचाकडच्या कॅमेऱ्याचा लाल दिवा विझला, म्हणजे तिच्यावर कोणाची नजर नाही. मग त्याने तिचा प्रकाश जरासा खाली आणून पुन्हा वर न्यायचा. मिटलेल्या पापण्यांनाही उजेड कमी झालेला कळतो. प्रकाश उतरला की श्वास घ्यायचा, तोपर्यंत नाही.

"'दम धर' एवढंच म्हणालो होतो तिला, आडवी व्हायच्या आधी. म्हणाली, 'धरते, तू फक्त सोडायला विसरू नकोस.'"

"मग?"

"तो हेर आपली वाक्यं विसरला. खुर्चीत बसून शून्यात बघत राहिला. लोकांना वाटलं, काय विचार करतोय. मी इकडे बघतोय लाल दिव्याकडे. विझेना. तिचा चेहरा मला दिसत होता, कानशिलं लाल होत चालली होती. आणि विझला. मी लगेच प्रकाश खाली आणला, वर नेला. तिने घेतला श्वास. मग कळलं, कॅमेरा चालूच होता. त्याच्यावरचा तो वाटाण्याएवढा लाल बल्बच उडाला होता." तो स्वतःशीच हसला. "सगळा स्टुडिओ उजळणारा मी, आणि फसवलं कोणी?"

ती हसली नाही. तिचा हात टेबलावरच्या दिव्याच्या बटणाशी गेला आणि तिथेच राहिला. प्रकाश आधी मंद होतो, छाती नंतर हलते. तिने दोन्ही पाहिलं होतं. एक सकाळी काढलं होतं, एक जेवणानंतर. एकाचं कारण वीज, दुसऱ्याचं फुप्फुस, म्हणून दोन वेगळे दोष. एकामागून एक घडणाऱ्या गोष्टींचा संबंध तपासायचा, हे तर प्रयोगशाळेतल्या पहिल्या वर्षी शिकवतात.

"आजोबा, तो प्रकाश मंद झालेला पडद्यावर दिसत होता."

"दिसत होता? मला कोणी कधी म्हणालं नाही."

"जरासाच. मी तोही काढला."

तो तिच्याकडे बघत राहिला. रागावेल असं तिला वाटलं. तो हळूच म्हणाला, "म्हणजे मलाही काढलंस."

त्या दिवशी जाताना दाराशी थांबून तो म्हणाला, "छातीवरचं बटण बघ नीट. तो छोटा दिवा त्या बटणावरच नेम धरून लावला होता मी. तिने सगळी बटणं घासून चकचकीत केली होती आणि म्हणाली होती, माझं तोंड नाही दिसलं तरी चालेल, बटण दिसलं पाहिजे."

फीत भट्टीतून निघाली त्या दिवशी पानाकाका सकाळीच हजर झाले. त्यांनी यंत्राचे फीत वाचणारे हेड स्पिरिटने पुसले, रुळांना तेल दिलं, पाना कानामागे परत खोचला. आजोबांना त्यांनी पडद्यासमोरच्या चांगल्या खुर्चीत बसवलं.

"आजोबा, आमच्या डॉक्टरीणबाईंच्या हाताला यश आहे. आतापर्यंत फक्त तीन फिती मेल्यात."

"चार," ती म्हणाली.

"बघा. खोटंसुद्धा बोलत नाही."

फीत सुरू झाली. सुरुवातीला चित्र स्वच्छ होतं, म्हणून तिला जास्तच भीती वाटली. दुकान, रस्ता, दार ठोठावणं. मग ती खोली आणि कोच. म्हाताऱ्याची पाठ ताठ झाली. गुप्तहेर खुर्चीत बसला, बोलू लागला, थांबला. आता ती जाणत होती की तो विचार करत नाहीये, वाक्य आठवतोय. यंत्रातून बारीक आवाज येऊ लागला होता. पानाकाका वाकून कान देऊन होते.

कोचावरचा प्रकाश किंचित खाली आला आणि पुन्हा वर गेला.

"हा मी," म्हातारा म्हणाला.

आणि फीत किंचाळली. पडद्यावर बर्फासारखे करडे ठिपके पसरले. पानाकाकांनी झटकन यंत्र बंद केलं. रुळांवर तपकिरी गाळ बसला होता. हेडही माखले होते. त्यांनी ते पुन्हा पुसले, बोट अंगठ्यावर घासून पाहिलं आणि तिच्याकडे बघून हळूच मान हलवली.

"अजून एकदा सोसेल. पुढच्या खेपेला चिखल."

"तिथून पुढे लावा," ती म्हणाली.

दुसऱ्या वेळी चित्र आलं, पण ते चित्र म्हणावं असं नव्हतं. जिकडेतिकडे पांढऱ्या रेघा धावत होत्या. कोच होता, कोट होता, पण त्यांच्या कडा सारख्या थरथरत होत्या. सगळंच हलत असताना छाती हलली का, हे कसं कळणार? काही क्षणांनी यंत्र पुन्हा किंचाळलं. फीत एका जागी चिकटली आणि तिच्यावरची भुकटी पापुद्र्यासारखी सुटून आली. पानाकाकांनी बटण दाबलं. आता ही फीत पुन्हा चालणार नव्हती.

म्हातारा पडद्याकडेच बघत होता. "घेतला ना?"

"घेतला, घेतला आजोबा," पानाकाका म्हणाले. "मी पाहिलं ना."

"तुम्हाला नाही विचारलं. हिला विचारतोय."

तिला हो म्हणायचं होतं. हो म्हणणं अगदी सोपं होतं, आणि तो कदाचित त्यावरच जगला असता. पण तो तिलाच का विचारत होता हेही तिला कळत होतं.

"दम धरा," ती म्हणाली. "बघते."

आताच उतरवलेला तो तुकडा तिने एकेक फ्रेम करून पुढे सरकवायला सुरुवात केली. कडांवर विसंबण्यात अर्थ नव्हता, त्या प्रत्येक फ्रेममध्ये फाटलेल्या होत्या. तिने छातीवरचं बटण शोधलं. रेघांच्या गर्दीतही ते दिसत होतं, कारण चित्रात तेवढी एकच जागा पूर्ण पांढरी होती. पुढे, पुढे. पांढरा ठिपका, पांढरा ठिपका. मग तो फिका झाला आणि नाहीसा झाला. आणखी बऱ्याच फ्रेम तो नव्हता. मग तो परत आला.

तिने मागे नेलं आणि पुन्हा पाहिलं. दिवा मंद झाला असेल का? पण गालावरचा उजेड त्या सगळ्या फ्रेमांमध्ये तितकाच होता. मग रेघांनी ठिपका झाकला असेल? कोटाचं खालचं बटण, कमरेजवळचं, ते रेघांमधूनही सगळा वेळ लुकलुकत राहिलं होतं. गेलं आणि आलं ते फक्त छातीवरचं. सपाट धातूवर एका बाजूने उजेड पडत असेल आणि तो धातू थोडा कलला, तर चमक दुसरीकडे जाते. पुन्हा पहिल्यासारखा झाला की परत येते. बटण कललं, कारण त्याच्याखाली काहीतरी वर आलं आणि मग खाली गेलं.

तिने हे सगळं त्याला सांगितलं. पडद्यावर बोट ठेवून दाखवलं. आधी गाल, मग खालचं बटण, मग वरचं. तो नाक पडद्याला लागेल इतका पुढे वाकला होता.

"म्हणजे?" पानाकाका म्हणाले.

"म्हणजे घेतला," ती म्हणाली.

म्हाताऱ्याने मागे टेकून डोळे मिटले. त्याचे ओठ हलले, पण काय म्हणाला ते ऐकू आलं नाही. मग त्याने डोळे उघडून बटणाकडे पुन्हा पाहिलं, या वेळी धंद्यातल्या माणसाच्या नजरेने.

"नेम बरोबर धरला होता," तो म्हणाला.

पानाकाका हात धुवायला गेले आणि बराच वेळ आले नाहीत.

दोन्ही तुकडे तिने जोडले. आधी प्रकाश खाली येऊन वर जाणं, मग क्षणभर बर्फ, मग रेघा आणि त्यांच्यातून जाणारा आणि परत येणारा पांढरा ठिपका. रेघा काढण्याचा प्रयत्न तिने केला नाही. एका पेनड्राइव्हवर तुकडा घातला आणि घरच्या टीव्हीला तो कसा लावायचा हे त्याला दाखवलं. इतका लहान तुकडा सुरू होतो आणि संपतो, पाहता पाहता हातातून निसटतो, हे तिच्या लक्षात आलं.

"आजोबा, असं करून देऊ का? संपला की आपोआप पुन्हा सुरू होईल. तुम्हाला काही दाबावं लागणार नाही. सारखा चालू राहील."

त्याने पेनड्राइव्ह शर्टाच्या खिशात टाकला आणि वरून हात ठेवला.

"नको," तो म्हणाला. "सारखा सारखा नको. दमेल ती."

त्याने आणलेला दिवा परत नेला नाही. तिने आठवण केली तर म्हणाला, राहू दे, त्या ट्यूबपेक्षा बरा. पुन्हा येईन असं तो म्हणाला नाही, तिनेही या म्हटलं नाही. येण्याचं कारण आता संपलं होतं, हे दोघांनाही कळत होतं. कठडा धरून तो हळूहळू जिना चढला.

ती काचेकडे बघत उभी राहिली. बऱ्याच वेळाने ते बूट आले, एक काळी नाडी, एक तपकिरी. काचेसमोर थांबले. त्याला ही खिडकी कोणाची हे ठाऊक असेल की नसेल, तिला सांगता आलं नसतं. मग बूट पुढे गेले.

भट्टीत बारावा भाग होता. त्यात खून झालेला माणूस दाराशी पालथा पडलेला असतो आणि गुप्तहेर त्याच्या रिकाम्या खुर्चीत जाऊन बसतो. टेबलावरच्या दिव्याच्या उजेडात तिने तो भाग सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाहिला, एकही दोष न टिपता. ती फक्त प्रकाशाकडे बघत होती. तो कुठेच खाली आला नाही.